बस चुकवणारी पुस्तकं

मोतीलाल आप्पांचा अंदाज कधी बरोबर निघत नसे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाचा गैरसमज नको.

सकाळी वाचनालय उघडलं की ते हजर. दारातच थांबून मला चपलेपासून चष्म्यापर्यंत न्याहाळायचे आणि जाहीर करायचे, "ताई, आज तुम्ही प्रकाशाहून येल शेतस. चपलेले तापीनी रेती शे." प्रकाशा म्हणजे तापीकाठचं गाव. मी घरून थेट आलेली असायचे. रेती शेजारच्या बांधकामाची. तसं सांगितलं तरी ते ओशाळायचे नाहीत. "लपाडा, लपाडा," म्हणायचे, "आज ना उद्या समजीच." आणि दाराकडे तोंड असलेली खुर्ची ओढून बसायचे. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस त्यांच्या नजरेखालून गेला पाहिजे. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांना त्यांनी बियाण्याचा विक्रेता ठरवलं आणि कापसाचं बोगस बी विकल्याबद्दल झापायला सुरुवात केली. साहेब गोंधळले, मी घामाघूम. साहेब गेल्यावर आप्पा शांतपणे म्हणाले, "संशय लेवाले काय लागस?" हे त्यांचं आवडतं वाक्य. त्यांना काही लागत नव्हतं. निस्तरायला मी होते.

मी शहाद्याच्या एका जुन्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. आप्पा एसटीतून निवृत्त झालेले वाहतूक नियंत्रक, म्हणजे स्टँडवरच्या खोलीत बसून कोणती गाडी कोणत्या फलाटाला लागली ते भोंग्यावरून सांगणारे. नोकरीची बहुतेक वर्षं विसरवाडीला गेली. हायवेवरचं गाव, सुरतेच्या गाड्या, ट्रकांच्या रांगा. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात त्यांनी जेवढ्या रहस्यकथा वाचल्या तेवढ्या आमच्या सगळ्या सभासदांनी मिळून वाचल्या नसतील. एरवी बोलणं अहिराणी, पण भोंगा हातात आला की शुद्ध मराठी. निवृत्तीनंतर भोंगा गेला, आवाज राहिला. 'शांतता राखा' या पाटीखाली बसून ते मला विचारायचे, "ताई, दुसरं कपाट उघडं शे का?" आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुली दचकून वर बघायच्या.

दुसरं कपाट रहस्यकथांचं. पिवळा पडलेला ठिसूळ कागद, मुखपृष्ठावर पिस्तूल, बाई आणि आगगाडी, आणि पुस्तकात बहुधा यातलं काहीच नाही. लिहिणाऱ्यांची नावं आज कोणाला आठवत नाहीत. मराठीचे प्राध्यापक ती घेत नाहीत, सभासद मागत नाहीत, आणि झुरळांना मात्र फार आवडतात. अभ्यासिकेला टेबलं लावायला जागा हवी होती. ही फाटकी पुस्तकं रद्द करून रद्दीत काढावीत असा प्रस्ताव मीच कार्यकारिणीपुढे ठेवला होता, आणि अजूनही मला तो चुकीचा वाटत नाही.

आप्पांना कळलं तेव्हा ते रागावले नाहीत, त्यांनी गठ्ठे आणायला सुरुवात केली. कोणाच्या माळ्यावरून, कोणाच्या भंगारातून, सारंगखेड्याच्या एका पिठाच्या गिरणीतून. एका बाजूने मी कपाट रिकामं करण्याची तयारी करत होते, दुसऱ्या बाजूने ते भरत होते. "आप्पा, हे कोण वाचणार?" असं विचारलं की ते त्यांचा एकमेव साहित्यिक निकष सांगायचे. पुस्तक चांगलं की वाईट हे ठरवायची त्यांची पद्धत अशी, की ते वाचताना स्टँडवर कोणाची बस चुकली का. त्यांनी खोलीच्या खिडकीतून पाहिलं होतं. नवापूरची गाडी लागली, सुटली, आणि बाकावरचा माणूस पान उलटतोय. "या लेखकनं मन्हा डोयासमोर लोकेसन्या गाड्या चुकाड्यात," ते अभिमानाने म्हणायचे. गाडी चुकलेल्या माणसाला ते दुसऱ्या गाडीत बसवून द्यायचे, पण आधी विचारायचे, कुठपर्यंत आलं?

वर्धापनदिनाला आम्ही एका प्राध्यापकांना बोलावलं. वाचनालयांनी दर्जेदार साहित्यच ठेवलं पाहिजे, असं ते बोलले. प्रश्नोत्तरांच्या वेळी आप्पा उभे राहिले. मी खूण केली, खाली बसा. त्यांनी ती खूण प्रोत्साहन म्हणून घेतली.

"सर," ते आपल्या भोंग्याच्या मराठीत म्हणाले, "आपलं पुस्तक वाचताना आजवर कोणत्या प्रवाशाची बस चुकलेली आहे काय?"

सभागृह हसलं. प्राध्यापक सज्जन होते, तेही हसले. म्हणाले, "नाही हो. वर्गात मात्र काही विद्यार्थ्यांचं स्टेशन निघून गेलंय, पण ते झोपेमुळे." चहाच्या वेळी आप्पांनी त्यांना कोपऱ्यात घेतलं आणि त्यांच्या पिशवीत एक पुस्तक कोंबलं. वाचनालयाचं, नोंद न करता. मी ते परत मिळवायला तीन फोन केले. प्राध्यापक म्हणाले, थोडं राहिलंय, संपवून पाठवतो. हे मी आप्पांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुढचं वर्षभर तेच ऐकावं लागलं असतं.

ते पुस्तक होतं 'रुमालाखालचा हात', लेखक जयंत शूरसेन, भाग पहिला. आप्पांचं सगळं घोडं इथेच अडलं होतं. गोष्ट घोड्यांच्या यात्रेतली. आमच्याकडे सारंगखेड्याला भरते तशीच, फक्त गावाचं नाव दिलेलं नाही. घोड्याचा भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि दलाल रुमालाखाली हात धरतात, बोटं दाबून आकडा सांगतात, आजूबाजूच्यांना काही कळत नाही. कादंबरीतला व्यापारी भरल्या यात्रेत असा एक सौदा करतो, सगळ्यांच्या देखत, आणि थोड्या वेळाने तंबूत मेलेला सापडतो. रुमालाखाली त्याचा हात शेवटी कोणी धरला होता? संशयित भरपूर. दलाल, भाऊबंद, खानावळवाली, घोड्यांच्या टापांना नाल ठोकणारा नालबंद. आणि शेवटच्या पानावर छापलेलं, 'उत्तर दुसऱ्या भागात'. दुसरा भाग कधी निघालाच नाही.

मला विचाराल तर इथे विषय संपतो. निघाला नाही, नाही. पण आप्पांना काचबिंदू झाला होता. डॉक्टरांनी सांगितलं, आहे ती नजर राखू, गेलेली येणार नाही. त्यांना आता समोरचं तेवढं दिसायचं, बाजूचं नाही, आणि तेही कमी होत होतं. एक दिवस त्यांनी ते परत आलेलं पुस्तक माझ्या टेबलावर ठेवलं आणि पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. "ताई, मन्हा डोया जाई ऱ्हायनात. जाऊ द्या. पन खून कोनी कया, ते माले समजाले नको?"

"आप्पा, प्रकाशक बंद पडलाय. लेखक असेल-नसेल. आपण चौकशी करू."

"चौकशी नही. तपास," ते म्हणाले.

हाच त्यांचा दोष. फोन करून विचारलं तर जे कळेल ते त्यांना तर्काने काढायचं असे. जयंत शूरसेन हे टोपणनाव, हे उघड होतं. आप्पांनी तर्क केला, की रुमालाखाली कोणतं बोट कसं दाबतात हे इतकं बारीक लिहिणारा पुण्या-मुंबईचा असूच शकत नाही. इथवर ठीक. तो आपल्याच भागातला. हेही ठीक. तो स्वतः दलाल असला पाहिजे. हेही एक वेळ ठीक. मग ते सारंगखेड्याला गेले आणि दगाबापू नावाच्या म्हाताऱ्या दलालाला गाठून विचारलं, तुम्ही जयंत शूरसेन का? दगाबापू हसले. आप्पांच्या मते ते हसणं लेखकाचं होतं.

मी म्हटलं, सरळ हो की नाही विचारा. आप्पा म्हणाले, "टोपननाव घेल मानूस सरळ सांगी का?" त्यांनी कार्यकारिणीतल्या दोघांना पटवलं, एका पत्रकाराला पटवलं, आणि वाचनालयात सत्कार ठरला. शाल मी आणली. नारळ मी आणला. दगाबापू स्वच्छ फेटा बांधून नातवाच्या मोटरसायकलवर आले. भाषणं झाली, उपेक्षित लेखक वगैरे. मग सत्कारमूर्तींना दोन शब्द बोलायला सांगितलं.

दगाबापू उठले. "माले चिठ्ठी लिहाना कंटाया येस," ते म्हणाले. "मी पुस्तक कसाले लिहू? पन तुम्ही इतला प्रेमथाईन बलावं, नही कसं म्हनू? शाल चांगली शे."

ते बसले. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मी आप्पांकडे पाहिलं. ते डोळे बारीक करून दगाबापूंकडे बघत होते. माझ्याकडे वाकून म्हणाले, "कसं नाटक करस दखा."

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. त्यानंतरच्या दिवशी वाचनालयाचा फोन वाजला. बाईचा आवाज, वयस्कर, मागे ट्रकांचे हॉर्न.

"तुम्हीच का त्या मॅडम? शाल चुकीच्या माणसाला दिलीत. जयंत शूरसेन मी आहे."

त्यांचं नाव सुशीलाबाई. विसरवाडीला हायवेवर त्यांचं चहा-नाश्त्याचं हॉटेल, आता मुलगा चालवतो. त्यांचं माहेर सारंगखेड्याचं, वडील घोड्यांचे दलाल. लग्नानंतर गल्ल्यावर बसून, गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या. प्रकाशकाला बाईचं नाव नको होतं. हे सगळं त्यांनी फोनवर हिशेब दिल्यासारखं सांगितलं. मला त्या एकदम पसंत पडल्या.

रविवारी मी आप्पांना घेऊन गेले. विसरवाडीच्या स्टँडवर उतरल्यावर त्यांचा चेहरा बदलला. रस्ता त्यांच्या पायांना माहीत होता. हॉटेलच्या दारात ते थांबले आणि म्हणाले, "अरे, हे तर वहिनीनं हॉटेल."

सुशीलाबाई आतून आल्या. काठी टेकत, पण ताठ. त्यांनी आप्पांना ओळखलं आणि माझ्याकडे वळून तक्रार केली, जणू मी त्यांची वरिष्ठ आहे.

"हाऊ मानूस मन्हा पुढे बसीसन मन्हंच पुस्तक वाचे. आनि माले सांगे, वहिनी, या लेखकले बायासनं काहीच समजत नही!"

आप्पांनी चाचपडत खुर्ची शोधली आणि बसले. चहा आला. अर्धा कप संपल्यावर ते म्हणाले, "पन रुमालखालनं तुमाले कसं माहीत? तठे बाया नही राहत."

"मी बाई कोठे व्हती? चार वरीसनी पोर. बापना मांडीवर बठेल. मोठासले रुमाल वरथून दिखे. माले खालथून."

आप्पांनी मान डोलावली. मग खुर्ची पुढे ओढली. ज्यासाठी आलो होतो ते आता. "वहिनी, खून कोनी कया?"

"माले काय माहीत?" सुशीलाबाई म्हणाल्या.

त्यांनी मग मला नीट समजावून सांगितलं. प्रकाशक फर्म्यांवर पुस्तक मागायचा. सोळा पानांचा एक फर्मा, असे आठ. आठ भरत आले की जो सोयीचा असेल त्याच्या हातात बेड्या. या वेळी गोष्ट आठ फर्म्यांत मावली नाही, म्हणून दुसरा भाग जाहीर केला. तो लिहायला घेणार तोच प्रकाशकाने गाशा गुंडाळला. खुनी ठरवण्याची वेळ आलीच नाही. पुढे पोरांची लग्नं, नवऱ्याचं आजारपण.

मला हे फार समंजस वाटलं. आप्पा उठून उभे राहिले होते.

"ठरायेलच नव्हतं? आनि मी इतली वरीस डोकं फोडी ऱ्हायनू?"

"तुमले कोनी सांगं फोडाले?"

मग आप्पांनी खटला मांडला. उभ्यानेच, भोंग्याच्या मराठीत, गिऱ्हाइकांच्या देखत. खुनी नालबंद आहे. तंबूबाहेरच्या घोड्याच्या तीन टापांना जुने नाल आणि एकाला नवा, असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे खुनाच्या वेळी नालबंद तिथे होता. त्याच्या उजव्या हाताचा अंगठा भाजलेला, म्हणून तो डाव्या हाताने जेवतो. आणि रुमालाखाली व्यापाऱ्याला विचित्र वाटलं, कारण समोरच्याने डावा हात दिला होता. एक ट्रकवाला भजी खायची थांबून ऐकत होता.

"नालबंद?" सुशीलाबाई म्हणाल्या. "त्याले त मी पान भराले टाकेल व्हता."

"मंग नाल? अंगठा?"

"तेबी पान भराले."

परतीच्या बसमध्ये आप्पा बोटांवर संशयित मोजत बसले. नंदुरबारला गाडी बदलताना मी सहज म्हटलं, जाऊ द्या, निदान लेखिका तरी सापडली. ते म्हणाले, "गुन्हा व्हयना, ताई. गुन्हेगारच नही. हे चालस का?" मला चालत होतं. मला घरी जाऊन स्वयंपाक करायचा होता.

पुढच्या आठवड्यात माझ्या फोनवर व्हॉट्सॲपचा एक आवाजी निरोप आला. सुशीलाबाईंचा हात कापतो, लिहिणं होत नाही. नातीने त्यांना बटण दाबून बोलायला शिकवलं होतं. खाकरून त्यांनी सुरुवात केली, "भाग दुसरा. प्रकरण पहिलं." मागे कुकरच्या शिट्ट्या.

आप्पांचा फोन साधा, बटणांचा. त्यामुळे अख्खी कादंबरी माझ्या फोनवर आली. दर आठवड्याला एक प्रकरण, कधी दोन. आप्पा सकाळी येऊन माझा फोन कानाला लावून बसायचे आणि मला येणारे फोन कापायचे. फोनची जागा भरली, मला भाचीच्या लग्नाचे फोटो काढून टाकावे लागले. ऐकून झालं की आप्पा आपला संशय माझ्यामार्फत पाठवायचे. मी बटण दाबून धरायचे, ते ओरडायचे, "वहिनी, दलालना पाय मोडेल शे, तो तंबूपावत चालीसन कसा गया?" तिकडून उत्तर यायचं, "चूप ऐका." अभ्यासिकेतल्या मुलींनी तक्रार केली. मग त्यांच्यातल्याच दोघी प्रकरण आलं का म्हणून विचारू लागल्या. पहिला भाग कपाटातून बाहेर गेला तो परत येईना. रद्दीचा प्रस्ताव मी मागे घेतला नाही, फक्त पुढच्या सभेपुढे ठेवला नाही. सुशीलाबाईंचा सत्कारही केला. शाल घेताना त्या म्हणाल्या, पहिली त्या म्हाताऱ्याकडून परत आणली का?

शेवटून दुसऱ्या प्रकरणात नालबंदाची बायको यात्रेत त्याला शोधत येते. सुशीलाबाईंनी ते असं सांगितलं, की मी भाजी निवडायची थांबले. नालबंद रडतो आणि सांगतो, त्या वेळी मी आजारी घोडीजवळ होतो. आप्पांनी ते पुन्हा पुन्हा ऐकलं. मग फोन टेबलावर ठेवून म्हणाले, "नालबंद निर्दोष शे. मी चुकनू, ताई." इतक्या वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकलं. त्यांनी ते वहिनींनाही कळवायला लावलं.

तोवर त्यांची नजर फारच खालावली होती. मुलगा सुरतेला असतो, तो न्यायला आला. जायच्या दिवशी पहाटेच शेवटचं प्रकरण येऊन पडलं होतं. मी चहा करता करता ऐकलं. खुनी नालबंदच. नवा नाल, भाजलेला अंगठा, डावा हात, सगळे आप्पांचे पुरावे. मी सुशीलाबाईंना फोन केला, म्हटलं, त्यांचं मन राखायला केलंत का?

"मन कसाले राखू? पुरावा चांगला व्हतात, लिधात. पन त्याले कळी जायेल व्हतं ना, म्हनीसन आधी नालबंदले रडावं."

म्हणजे नालबंदाचं ते रडणं आप्पांना चकवायला होतं. मी स्टँडवर पोचले तेव्हा सुरतेची गाडी फलाटाला लागलेली होती. आप्पा खिडकीशी बसले होते. चेहरा माझ्या दिशेला, पण मी नेमकी कुठे उभी आहे हे त्यांना समजत नव्हतं. मी खिडकीतून फोन त्यांच्या हातात दिला. "शेवटचं आहे. लवकर ऐका, गाडी सुटेल."

"दलाल शे," ते म्हणाले. "मी शंभर टक्के सांगस."

"ऐका आधी."

त्यांनी फोन कानाला लावला. कंडक्टरने बेल दिली. मी म्हटलं, आप्पा, फोन द्या, मुलाच्या फोनवर पाठवते. त्यांनी ऐकलं नाही. गाडी हलली. मी खिडकीबरोबर चालायला लागले, मग पळायला. या वयात, साडीत, भर स्टँडवर. "आप्पा! माझा फोन!" त्यात बँक, घर, वाचनालय, सगळं होतं. आतून मुलगा काहीतरी बोलत होता, त्यांनी त्यालाही झिडकारलं. फाटकाशी गाडी वळायला मंद झाली तेव्हा मी पुन्हा खिडकीजवळ पोचले. त्यांचं तोंड उघडं पडलेलं होतं. मग त्यांनी कपाळावर हात मारला आणि हसायला लागले, खांदे हलवत, डोळे मिटून, एखाद्याला कोणी भर बाजारात फसवावं आणि त्याला त्याचाच आनंद व्हावा तसे.

मी पुन्हा हाक मारली. त्यांनी एक हात खिडकीबाहेर काढला. मला वाटलं, फोन देतात. हात रिकामा होता. निरोपाचाही नव्हता. अजून थोडं ऐकायचं राहिलं होतं, आणि ते मला गप्प राहायला सांगत होते.